काका, कशासाठी राखताय?

सायकलवर बसून दिवसचे दिवस काढणं, एवढा एकच गुण देवानं मला दिलाय. आमच्यात ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एवढ्या मुदतीत पोचायचं आणि वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे, बस. पहिला-दुसरा ही भानगडच नाही. लवकर पोचून घरी आंघोळ करून झोपलेला आणि मुदतीला पाच मिनिटं उरलेली असताना लंगडत आलेला, दोघांना मेडल एकच. शाळेत कधीही नंबर न काढलेल्या माणसासाठी याहून सभ्य खेळ नाही.

आणि हा खेळ पायांचा नाहीच, वाटाघाटींचा आहे. 'शिरवळपर्यंत चल, चहा देतो.' चहा झाला की 'खंबाटकी तेवढा चढ, मग बघू.' साताऱ्यापर्यंत मी शरीराला पाच-सहा वेळा फसवलेलं असतं. त्यालाही ते ठाऊक असतं, पण जुनं लग्न असल्यासारखं ते निभावून नेतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना ग्रुपमधल्या एका पोरानं डिवचलं, "काका, लांब तर कुणीही जाईल. एक किलोमीटर मारून दाखवा."

एक किलोमीटर! अहो, माझं इंजिन गरमच मुळी कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर होतं. तरी रविवारी सकाळी बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवर, हजर झालो. सवयीनं दोन बाटल्या, चार केळी, राजगिऱ्याचे लाडू, पंक्चरचं सामान आणि रात्री घालायचं चमकतं जाकीटही घेऊन. एक किलोमीटरला अर्ध्या केळ्याचीही शक्ती लागत नाही, हा हिशोब मी नंतर केला.

तिथली सायकल पाहून घाम फुटला. गिअर नाहीत. ब्रेक नाहीत. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, म्हणजे पाय थांबवायचीही सोय नाही! आदल्या आठवड्यात सराव करताना मी सवयीनं उतारावर पाय सैल सोडले, तेव्हा तिनं मला बैलानं झटकावं तसं झटकलं होतं. हे अंतर २०२३ साली मेक्सिकोत जेफ्री हूगलँड या डच गड्यानं ५५.४३३ सेकंदांत कापलं. तेवढ्या वेळात माझा हेल्मेटचा पट्टा लागत नाही.

माझ्या आधी एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गेली. वेणी, चष्मा, चेहऱ्यावर गणिताच्या पेपरचे भाव. १ मिनिट २४ सेकंद. उतरली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "ऑल द बेस्ट, काका."

कुणीतरी मागून सीट धरली, शिट्टी वाजली आणि मी निघालो. निघालो तो आपल्या हिशोबानं. सुरुवातीला जपून, लय सापडू दे, शेवटाला थोडं राखून ठेवू. पहिलं वळण झकास गेलं. वाऱ्याचा अंदाज घेत होतो, एवढ्यात कडेनं आमचा कोच, माझ्या निम्म्या वयाचा, जिवाच्या आकांतानं ओरडला, "काका, कशासाठी राखताय?"

आणि शेवटच्या फेरीची घंटा झाली.

घंटा? इतक्यात? अजून मी शरीराशी बोलणीसुद्धा सुरू केली नव्हती! मग मात्र जे होतं नव्हतं ते पेडलवर ओतलं. पंधरा सेकंद मी खरोखर वेगात होतो. आयुष्यात दुसऱ्यांदा, पहिल्यांदा कुत्रं मागे लागलं होतं. मग मांड्यांत कुणीतरी उकळतं तेल सोडलं. तोंडात तांब्याच्या भांड्याची चव आली. 'पुढच्या वळणावर चहा' म्हणावं, तर पुढच्या वळणावर पुढचं वळण. रेषा ओलांडली आणि सवयीनं पाय थांबवले. सायकलनं पुन्हा झटकलं.

१ मिनिट ३३ सेकंद. गवतावर आडवा पडून मी खोकत होतो. ६०० किलोमीटर संपवूनही मी असा कधी पडलो नव्हतो. तेव्हा तर उभ्या उभ्या मिसळ खाल्ली होती. पुरुषांची ही शर्यत २००४ नंतर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ते ज्यांनी ठरवलं ती माणसं मला फार जवळची वाटली.

नऊ वाजता घराची बेल वाजवली. मी सायकल घेऊन गेलो म्हणजे दिवेलागणीपर्यंत घर मोकळं, या भरवशावर बायकोनं तिच्या चार मैत्रिणी बोलावल्या होत्या. हॉलमध्ये हसण्याचा पूर आला होता, तो मला बघून ओसरला.

"तू? पडलास का कुठे?"

"नाही. शर्यत संपली."

"किती होती?"

"एक," मी खोकत म्हणालो.

"एक काय?"

"किलोमीटर."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं, मग दारातल्या सायकलकडे पाहिलं.

"मग उरलेले एकशे नव्याण्णव करून ये ना."