परदेशातून: नॅशव्हिलची एक रात्र आणि आमच्या यात्रेचा तमाशा

पाडवा जवळ आला की आमच्या गावच्या यात्रेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच वाद सुरू होतो, यंदा तमाशाचा फड आणायचा, ऑर्केस्ट्रा आणायचा की डीजे लावून मोकळं व्हायचं. गाव जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावपासून फार लांब नाही, म्हणजे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात त्याच भागातले आम्ही, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी पेपरातला नाही, घरातला आहे. एका बाजूचं म्हणणं, तमाशा आता तमाशा राहिलाच नाही, अर्धी रात्र सिनेमाच्या गाण्यांवर नाच आणि वगाच्या, म्हणजे तमाशातल्या नाट्याच्या, वाट्याला उरलंसुरलं, मग एवढे पैसे कशाला घालायचे. दुसरी बाजू म्हणते पोरांना तेच हवंय, काळाबरोबर बदललं नाही तर तंबूत कुत्रं येणार नाही. आमचे एक चुलते, वय झालंय, ते मध्येच एखादा व्हॉइस मेसेज टाकतात की अरे गण-गौळण तरी पुरी होऊ द्या, आणि त्याला कुणी उत्तर देत नाही.

मी इकडे अमेरिकेत शार्लटमध्ये बसून हे सगळं वाचतो आणि यंदा मला राहून राहून एक अल्बम आठवतोय. डाऊन फ्रॉम द माउंटन. 24 मे 2000 ला नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये झालेल्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, 2001 साली निघालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोएन बंधूंचा ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ नावाचा सिनेमा आला होता, 1930 च्या दशकातल्या मिसिसिपीमधला, त्यातलं संगीत सगळं जुनं, डोंगराळ भागातली गाणी, चर्चची गाणी, कैद्यांची गाणी, ब्लूग्रास म्हणजे बँजो आणि फिडलवर (व्हायोलिनवर) वाजणारं गावाकडचं संगीत. टी बोन बर्नेट या निर्मात्याने शूटिंगच्या आधीच गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. आणि मग सिनेमा अमेरिकेत लागायच्या कितीतरी महिने आधी, तो चालेल की पडेल हे कुणालाच माहीत नसताना, त्या गायक-वादकांना एका रात्री एका स्टेजवर बोलावलं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. पडद्यावर गाताना दिसतो तो नट जॉर्ज क्लूनी, आवाज आहे डॅन टिमिन्स्कीचा. आपल्याकडे गोष्ट इथेच संपते, सिनेमातली लावणी हिट होते, हिरॉइनचे फोटो छापून येतात, संगीतकाराला अवॉर्ड मिळतं आणि जिच्या बारीतून ती चाल आली ती बाई परत आपल्या थिएटरात. इथे मात्र गाणाऱ्यांनाच पुढे आणलं, नावानिशी, आणि त्या रात्रीची स्वतंत्र डॉक्युमेंटरी काढली, स्वतंत्र अल्बम काढला. त्या अल्बमला 2002 मध्ये पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं आणि सिनेमाच्या साउंडट्रॅकला तर त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवलं, तेही कंट्री संगीत लावणाऱ्या रेडिओवाल्यांनी तो फारसा वाजवला नसताना.

राल्फ स्टॅनली त्या वेळी 73 वर्षांचे होते. व्हर्जिनियाच्या डोंगरातला माणूस, आयुष्यभर बँजो वाजवत गावोगाव फिरलेला. त्यांचं ओ डेथ हे गाणं, मरणाला विनवणी, अजून एक वर्ष थांब म्हणून, आणि साथीला एकही वाद्य नाही. आवाज थरथरतो, कापरा होतो, आणि तो कापरेपणा कुणी गुळगुळीत केलेला नाही. त्यांच्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाद्यं वापरतच नाहीत, नुसत्या गळ्याने गातात, तिथून आलेली ही गायकी. या गाण्याला त्यांना ग्रॅमी मिळालं तेव्हा पंचाहत्तरी दोन दिवसांपूर्वी झाली होती. मला ते ऐकताना आमच्याकडचे काकड आरतीला गाणारे म्हातारे आठवतात, सूर हलतो पण जागा सोडत नाही.

कार्यक्रमाचं निवेदन जॉन हार्टफर्डने केलं, फिडल आणि बँजोवाला, कॅन्सरने खंगलेला, आणि जून 2001 मध्ये तो गेलासुद्धा. म्हणजे ती एक रात्र टिपायची राहिली असती तर त्याचं ते रूप परत मिळणार नव्हतं.

रायमनबद्दल थोडं सांगायला हवं कारण ते नुसतं थिएटर नाही. 1892 साली प्रार्थनेसाठी बांधलेला हॉल, अजून लाकडी बाकं आहेत, 1943 पासून 1974 पर्यंत ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम तिथूनच व्हायचा. ब्लूग्रासचे जनक मानतात त्या बिल मनरोंच्या बँडमध्ये 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत याच स्टेजवर उभा राहिला आणि आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात त्याची सुरुवात तिथून धरतात. पुढे ऑप्री नव्या जागेत गेली, रायमन पाडायच्या गोष्टी चालल्या. 1991 मध्ये गायिका एमिलू हॅरिसने त्या मोडकळीला आलेल्या हॉलमध्ये लाइव्ह अल्बम रेकॉर्ड केला, इमारतीची हालत अशी की दोनशेच्या वर माणूस बसवता येत नव्हता. त्या अल्बममुळे लोकांचं लक्ष परत तिकडे गेलं आणि 1994 मध्ये हॉल दुरुस्त होऊन उघडला. तीच एमिलू हॅरिस 2000 च्या त्या रात्री पण तिथे गायली. चांगलं रेकॉर्डिंग काय करू शकतं ते बघा, इमारतसुद्धा वाचवतं.

आता आपल्याकडे येतो. 2002 च्या जानेवारीत तमाशातल्या मोठ्या कलावंत विठाबाई नारायणगावकर गेल्या आणि फेब्रुवारीत इकडे राल्फ स्टॅनलींना ग्रॅमी मिळालं. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता पण शेवटची वर्षं हलाखीतच गेली. भर कार्यक्रमात कळा आल्या, तंबूमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. पण त्यांचा एक अख्खा वग, ढोलकी वेगळी, तुणतुणं वेगळं, सवाल-जवाब स्पष्ट, समोरच्या पब्लिकचा आवाज बरोबर धरलेला, असा नीट माइक लावून घेतलेला मला आजपर्यंत कुठे ऐकायला मिळालेला नाही. आपण त्यांची कथा जपली आणि आवाज जाऊ दिला. याचा मला खरंच राग येतो.

इथे सगळं छान आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. बँजो हे वाद्यच मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी या देशात आणलं, बिल मनरो स्वतः सांगायचे की लहानपणी आर्नोल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाकडून ते शिकले, पण ब्लूग्रास म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे गोराच माणूस येतो. त्या रात्रीसुद्धा फेअरफिल्ड फोर आणि ख्रिस टॉमस किंग सोडले तर स्टेज बहुतेक गोरंच होतं. तमाशाच्या बाबतीत आपण हेच केलं, मांग, महार, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या ही कला अंगावर वागवली आणि भाषणं करताना आपण म्हणतो महाराष्ट्राची लोककला. कुणाची, हे सांगायला लागलं की सभेत चुळबूळ सुरू होते.

पण एका बाबतीत या लोकांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. सिनेमाच्या साउंडट्रॅकचं पहिलंच गाणं 1959 मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सने मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात रेकॉर्ड केलेलं आहे, कैदी लाकडं फोडताना गातायत, पुढे गाणारा जेम्स कार्टर. चाळीस-बेचाळीस वर्षांनी अल्बम लाखोंनी खपला तेव्हा लोमॅक्सच्या संग्रहाच्या लोकांनी या कार्टरला शिकागोत शोधून काढलं, त्याला ते गाणं आठवतसुद्धा नव्हतं, आणि त्याच्या हातात 20,000 डॉलरचा चेक दिला. हे होऊ शकलं कारण रेकॉर्डिंगवर नाव लिहिलेलं होतं. यात्रेत कुणीतरी मोबाइलवर घेतलेले तमाशाचे व्हिडिओ यूट्यूबवर पडलेत त्यातल्या किती ठिकाणी ढोलकीवाल्याचं नाव आहे, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचं आहे, सांगा.

इथून गाडीने अडीचेक तासावर व्हर्जिनियात फ्लॉइड नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या जुन्या दुकानात शुक्रवारी रात्री गाणंबजावणं असतं. कडेने खुर्च्या मांडून मध्ये लाकडी जमीन मोकळी ठेवतात, आधी चर्चची गाणी होतात, मग नाचाचे बँड. सत्तरीच्या बायका बुटांना लोखंडी पट्ट्या ठोकून येतात आणि फिडल सुरू झालं की ताल पायानेच धरतात, शेजारी नातवंडं त्यांच्या पायाकडे बघत बघत उचलतात. तिकीट थोडंसं, दारू नाही, आणि आत कुणी मूळ परंपरा शुद्ध राहिली का यावर भांडत नाही कारण सगळ्यांना नाचायचं असतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात 2000 पासून शाळा सुटल्यावर पोरांना फिडल-बँजो शिकवायचा उपक्रम चालतो, पूर्व टेनेसीच्या विद्यापीठात 1982 पासून ब्लूग्रास शिकवतात. म्हणजे 2000 ची ती रात्र हवेतून नाही आली, खाली असं काहीतरी चालू होतं म्हणून ती जमली.

त्यामुळे ग्रुपवर जे भांडण चाललंय, जुनं ठेवायचं का बदलायचं, त्यात मला कुठलीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. त्या रात्री गायलेल्या अॅलिसन क्राउसचा बँड जुनं आणि नवं दोन्ही वाजवतो, जिलियन वेल्च तर कॅलिफोर्नियात वाढलेली, स्वतः लिहिलेली गाणी म्हणते, ती त्या रात्री स्टॅनलींच्या बरोबरीने स्टेजवर होती आणि कुणाला काही खुपलं नाही. सिनेमाची गाणी रंगबाजीत वाजली म्हणून तमाशा मरत नाही. वगाला वेळ न देता, कलाकाराचं नाव न घेता, सुपारीत घासाघीस करून आणि कर्कश भोंगे लावून तो मरतो. डीजेला आपण न मागता पैसे मोजतो, फडाला मात्र पाच हजार कमी करा म्हणून तासभर बसवतो, हे मी स्वतः राहुटीत पाहिलंय.

म्हणून पंचांना मी यंदा असं लिहिलंय की फड आणा, ठरलेली सुपारी पूर्ण आणि आधी द्या, रंगबाजी करायची तेवढी करू द्या पण वग रात्री अकराला सुरू झाला पाहिजे, पहाटे नको. पुण्यातला एक साउंडवाला पोरगा माझ्या ओळखीचा आहे, तो चार चांगले माइक घेऊन येईल, त्याचा खर्च आम्ही बाहेर राहणारे वाटून घेतो. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं, सरदार, सोंगाड्या, झीलकरी, नाचणाऱ्या सगळ्या बायका, प्रत्येकाचं पूर्ण नाव त्यांना विचारून वहीत लिहायचं, आणि रेकॉर्डिंग कुठे टाकायचं, त्याचे पैसे आले तर कसे वाटायचे हे फडमालक आणि कलाकार दोघांशी आधी बोलून कागदावर घ्यायचं. चुलत्यांनी लगेच अंगठा दाखवलाय. बाकीच्यांनी पाडव्याच्या आधी कळवा म्हणजे मला त्या पोराची तारीख धरता येईल.