"कुणी केलं हे?"

आमची सहा जणांची टीम आहे. दीड वर्षापूर्वी आमच्यातल्या एका मुलीकडून एका ग्राहकाला दुसऱ्याच ग्राहकाचे दर असलेली फाइल गेली. ते कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कुणी केलं हे?" सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले. शेवटी तिने हळूच हात वर केला. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढचे दोन महिने माझ्यापर्यंत एकही चूक आली नाही. चुका होत होत्याच, पण सगळं आतल्या आत निस्तरलं जात होतं. नंतर कळलं की दोन्ही फाइलींचं नाव 'फायनल' होतं, आणि हाच घोटाळा आधी आणखी एकाकडून होता होता वाचला होता. त्याने तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. त्याला सांगावंसं वाटलं नाही, यात दोष माझा.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये औषधं देताना कमी चुका होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त! त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होती. हे वाचलं तेव्हा मला माझे ते दोन शांत महिने आठवले.

मग सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं बसायचं ठरवलं. आठवड्यात कुठे अडलं, काय चुकलं, एवढंच बोलायचं. सुरुवात मी करायची. पहिले तीन आठवडे मी एकटीच बोलत होते, बाकीचे माना डोलवायचे. चौथ्या आठवड्यात सगळ्यात नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते सॉफ्टवेअर मला अजून नीट येतच नाही." दोन महिने तो रोज उशिरापर्यंत थांबत होता आणि आम्ही त्याला मेहनती म्हणत होतो.

यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच होती. आमच्यातला सगळ्यात हुशार माणूस ज्युनिअर मुलांवर सगळ्यांदेखत ओरडायचा. काम उत्तम, म्हणून "स्वभावच तसा आहे त्याचा" असं म्हणत मी कितीतरी महिने गप्प बसले. 'एकमेकांचा आदर' हे आम्ही कितीही वेळा म्हटलं तरी मुलं माझ्या गप्प बसण्याकडे बघत होती. शेवटी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की काम कितीही चांगलं असलं तरी हे चालणार नाही. तो पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला धाकधूक होती, सोडून जाईल म्हणून. तो थांबला. आवाज अजून कधीकधी चढतो, पण आता स्वतःच थांबतो.

गेल्या आठवड्यात रात्री नऊ वाजता त्याच मुलीचा मेसेज आला. "मॅडम, माझ्याकडून जुना मसुदा गेलाय. ग्राहकाला फोन करून सांगितलंय, नवा पाठवलाय. सोमवारी बोलूया, फाइलींच्या नावात तारीख घालायला हवी."