अ‍ॅना लिझाचा शेवट राहूनच गेला

फिलिपिन्सची बालकलाकार आणि गायिका ज्युली वेगा हिच्यावरचा लेख वाचून डोळे भरून आले. लेखात तिची पदकं-पुरस्कार आले, पण 'अ‍ॅना लिझा' या तिच्या टीव्ही मालिकेबद्दल एकच ओळ आहे, म्हणून लिहिते.

मी दुबईत नर्स होते. आमच्या वॉर्डात फिलिपिन्सची एक सीनियर होती, तिला आम्ही सगळ्या 'आते' म्हणायचो. त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात, मला तर ते फार जवळचं वाटायचं. नाइट ड्यूटीला पहाटे चहा घेताना ती मोबाइलवर हळू आवाजात ज्युलीचं 'समव्हेअर इन माय पास्ट' लावायची. गाणं संपेपर्यंत कप तसाच हातात.

तीच सांगायची, 1980 पासून तिकडच्या जीएमए वाहिनीवर अ‍ॅना लिझा लागली की गल्ली सामसूम. दुसऱ्या वाहिनीवर जॅनिस दे बेलेनची 'फ्लोर्दे लुना'. घराघरांत दोन तट, बहिणी-बहिणींत भांडणं! आणि 6 मे 1985 ला ज्युली गेली. न्यूमोनिया झाला आणि हृदय बंद पडलं. सतरावा वाढदिवस अवघ्या पंधरा दिवसांवर होता हो! मालिका अर्धवटच राहिली, अ‍ॅना लिझाचं पुढे काय झालं ते कुणाला कळलंच नाही. आतेला त्याची रुखरुख शेवटपर्यंत होती.

ज्युलीला भुतानं झपाटलं होतं वगैरे अफवा मात्र कृपया इथे कुणी पुन्हा उगाळू नका. आजारी लेकरू होतं ते.