सगळीच औषधं बंद कशाला?
‘दिवस राहायचे असतील तर संधिवाताची सगळी औषधं आधी बंद करा’ हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मला हे दुखणं नवव्या वर्षापासून. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक, ते आधीच थांबवावं लागतं, कबूल. पण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन माझ्या डॉक्टरांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं. तेही सोडलं असतं तर आमच्या फोंड्याच्या घराचा जिना मला चढवला नसता.

आणि बाळंतपणानंतरचं काय? त्यावर अवाक्षर नाही! दुखणं उसळतं ते बहुतेकदा तेव्हाच. लेक दीड महिन्याची असताना सकाळी तिच्या झबल्याची नाडी माझ्या बोटांना सुटायची नाही. सासूबाई दातांनी सोडायच्या, वर मलाच दटावायच्या, ‘एवढी घट्ट कशाला बांधतेस गो?’ बांधलेली त्यांनीच असायची.