बरेच दिवस

दुखणे कधीपासून आहे असे विचारले, तर मराठी माणूस तारीख सांगत नाही. तो ‘झाले की बरेच दिवस’ म्हणतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका रुग्णालयात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला हाच प्रश्न विचारला आणि मी परंपरेला जागून हेच उत्तर दिले. त्यांनी ते केसपेपरवर ‘सिन्स लाँग’ असे इंग्रजीत उतरवून घेतले. या दोन शब्दांचे मला पुढे तीस हजार रुपये पडले. शब्दाला पंधरा हजार हा दर मराठीत लिहिणाऱ्या कोणाला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि इथे तर तो मलाच भरावा लागला.

वास्तविक मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. बायकोने पिशवीत टॉवेल, चपला आणि थर्मास भरला, तर मी विमा नियामक प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाची छापील प्रत घेतली. कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर रुग्णालयाला भरण्याच्या, अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. मी महत्त्वाच्या ओळींवर पिवळी रेघ ओढून ठेवली होती. लग्नाच्या वेळीही आमच्याकडे कोणी याद्या इतक्या काळजीने केल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सर्जन आले, टाके पाहिले आणि ‘जा आता घरी’ म्हणाले. मी कपडे बदलून पलंगाच्या कडेवर बसलो. अकरा वाजता खाली टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, काउंटरवर जाऊन तिथल्या मुलीसमोर परिपत्रक उलगडले. तिने ते शांतपणे वाचले. ‘बरोबर आहे, काका. पण तीन तास आमचं फायनल बिल कंपनीकडे गेल्यापासून धरतात. बिल अजून फार्मसीतून क्लिअर व्हायचंय.’ बिल एक वाजता गेले. पावणेचारला, म्हणजे तीन तास भरायला पंधरा मिनिटे उरली असताना, कंपनीकडून क्वेरी आली. क्वेरी आल्यावर घड्याळाचे काय होते, असे मी विचारले. ‘ते थांबतं, काका,’ असे ती म्हणाली, आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते चालू होते.

क्वेरी अशी होती : ‘सिन्स लाँग’ म्हणजे नेमके किती?

इथे माझ्या पॉलिसीची कुंडली मांडणे भाग आहे. पाच लाखांची पॉलिसी मी 2011 मध्ये घेतली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये एजंटच्या आग्रहावरून तिचे दहा लाख केले. वाढवलेल्या रकमेचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ठरावीक दुखण्यांसाठी दावा न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, मात्र नव्याने मोजतात, हे मला काउंटरवर उभे असताना कळले. हर्नियासाठी माझ्या पॉलिसीत तो दोन वर्षांचा आहे. तो उलटला होता. पण दुखणे रक्कम वाढवण्याच्या आधीचे असेल, तर तीन वर्षे थांबावे लागते. पूर्वी ही कमाल मर्यादा चार वर्षांची होती, ती 2024 मध्ये तीनवर आली, आणि तेव्हा ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली होती. ऑगस्टमध्ये माझी दोन वर्षे दहा महिने झाली होती. माझ्या हर्नियाने आणखी दोन महिने कळ काढली असती, तर तो दहा लाखांचा झाला असता.

उत्तर लिहून घेणारे डॉक्टर रात्रपाळी संपवून झोपायला गेले होते. त्यांना उठवून आणले. त्यांनी मला पुन्हा विचारले, आणि ‘दोन-तीन महिने, फार तर’ असे मी सांगितल्यावर त्यांनी तसा दाखलाही दिला. पण कंपनीचा विश्वास माझ्या पहिल्या उत्तरावर बसला होता. दुखणे जुने ठरले आणि माझा दावा जुन्या पाच लाखांत ढकलला गेला.

बिल सगळे मिळून सव्वा लाखाच्या आत होते, तेव्हा पाच लाख काय आणि दहा लाख काय, असे मला वाटले. पण खोलीच्या भाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, दिवसाला. दहा लाखांवर दहा हजार, पाच लाखांवर पाच हजार. आमची खोली साडेसात हजारांची होती. खिडकीतून गुलमोहर दिसतो म्हणून बायकोने ती पसंत केली होती. दोन दिवसांच्या भाड्यातले पाच हजार माझ्या अंगावर येणार, हे मी मान्य केले. परंतु खोली ऐपतीबाहेरची घेतली, की बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह मिळून पंचाहत्तर हजार झाले होते. कंपनीने त्यातले दोन तृतीयांश मंजूर केले. म्हणजे सर्जनांनी माझा हर्निया दोन तृतीयांश कंपनीसाठी शिवला आणि उरलेला गुलमोहरासाठी. ऑगस्टमध्ये त्याला फुलेही नव्हती.

याखेरीज 4,310 रुपये ‘नॉन-मेडिकल’ म्हणून वेगळे. पॉलिसीच्या शेवटी 68 वस्तूंची एक यादी असते, तिच्यातल्या वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत. मी ती खुर्चीवर बसून वाचली. तिच्यात कॅरीबॅग आहे, मिनरल वॉटर आहे, टेलिफोन आहे, इथपर्यंत ठीक. पण हातमोजे, मास्क, थर्मामीटर आणि ईसीजीचे इलेक्ट्रोडही आहेत. सर्जनांनी उघड्या हातांनी, तोंड न झाकता आणि माझ्या छातीला काही न चिकटवता शस्त्रक्रिया केली असती, तर ती निखळ वैद्यकीय ठरली असती.

आम्ही घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

सप्टेंबरमध्ये एक आनंदाची बातमी आली. 22 तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी पूर्ण माफ झाला. नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये असल्यामुळे सोसायटीतल्या दोघांनी माझे जिन्यात अभिनंदन केले. आदल्या वर्षी मी 38,000 हप्ता आणि 6,840 कर मिळून 44,840 रुपये भरले होते. नोटीस उघडली. कराच्या रकान्यात शून्य होते. हप्त्याच्या रकान्यात 46,200 होते. मी एजंटला फोन लावला.

‘सर, तुम्ही छप्पन्नचे झालात ना, वयोगट बदलला. शिवाय उपचार किती महागलेत, ते तुम्ही आत्ताच बघितलंत. पण जीएसटी असता तर अजून 8,316 लागले असते. तेवढे वाचले तुमचे!’

वाचलेले 8,316 धरून मी मागच्या वर्षीपेक्षा 1,360 रुपये जास्त भरले. न भरावे तर चौदा वर्षांचे पुण्य आणि संपत आलेला प्रतीक्षाकाळ दोन्ही जाणार, हे मला आता पाठ होते. आणि तीन वर्षे पूर्ण झाल्यामुळे सध्या माझ्याकडे दहा लाखांचे दणदणीत संरक्षण आहे, मात्र हर्निया नाही.

डिसेंबरात खोकल्यासाठी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पेन उघडले आणि विचारले, ‘कधीपासून आहे?’

‘आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांपासून,’ मी म्हणालो, आणि शेजारी बसलेल्या बायकोने तोंड उघडायच्या आत तिच्या पायावर हलकेच पाय ठेवला.