टीएचआरच्या लायनीतला दीड तास

गेल्या आठवड्यात टीएचआर, म्हणजे लहान पोरांसाठी घरी न्यायचं आहाराचं पाकीट, आणायला अंगणवाडीत गेले होते. आमचं गाव मालवण तालुक्यातलं, अंगणवाडी वरच्या वाडीला, मधे साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आणि साकवावरून पाणी चाललेलं, एका हातात छत्री, कडेवर अडीच वर्षांचं आमचं कार्टं. पोचते तर आधीच नऊ जणी उभ्या. त्यातल्या पाच आज्या! कारण पोरांची आई कुठे काजूच्या फॅक्टरीत, कुठे हॉटेलात, बाप मुंबईला. आमच्याकडे पालक म्हणजे निम्म्या घरांत आजीच असते हो, सरकारच्या फॉर्मवर तिला रकाना नसला तरी.

पाकीट द्यायच्या आधी मोबाईलवर चेहरा जुळवायचा असतो. सेविका ताई पडवीत मोबाईल घेऊन बसलेल्या आणि रेंज नाही. मग एकेकीला फणसाखाली उभं करायचं, तोंड सरळ धर, डोळे मिचकाव, नाय झाला, परत मिचकाव. एका आजीचा ओटीपी सुनेच्या मोबाईलवर गेला, सून कुडाळला कामावर, ती फोन उचलेना. पाकीट हातात पडायला दोन मिनिटं लागतात, पण त्याआधीचा दीड तास आम्ही सगळ्या पोरं घेऊन तिथे नुसत्या उभ्या.

त्या दीड तासात बायका काय बोलत होत्या माहितीये? पोरांबद्दलच बोलत होत्या. एक आजी म्हणाली, "नातू तीन वर्षांचो होत इलो, धड बोलणा नाय, मोबाईल लावल्याशिवाय घास घेणा नाय." दुसरी म्हणाली, "त्येचो आजो पण उशिराच बोललो होतो." सगळ्या हसल्या, विषय संपला. ताईंनी मात्र ऐकलं होतं. मदतनीस बाई कोपऱ्यात फणसाच्या आठळ्या निवडत होती, ताईंनी त्यातल्या मूठभर घेतल्या, दोन वाट्या त्या पोरासमोर ठेवल्या, हेच्यात मोठी, हेच्यात बारकी. आजीला म्हणाल्या, तो काय करता ता बोलत र्‍हवा, उत्तराची वाट बघा, घाई नको. पोरगा बसला की टाकत! एक आठळी बाकाखाली गेली तर वाकून बोट दाखवून "पल्ली" म्हणाला. आजी म्हणाली, पडली काय? खय पडली? आणि तेवढ्यात रेंज आली, ताई उठून फणसाखाली गेल्या.

म्हणजे ताईंना येतं सगळं. त्यांना त्यासाठी वेळ दिलेला नाही एवढंच.

आता माझं म्हणणं. बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत आई नाहीतर आजी सरकारी दारात किती वेळा जाते मोजा. दर महिन्याला वजन, टीएचआर, लसीकरण. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, त्यातला दुसरा हप्ता हवा तर जन्माची नोंद आणि सुरुवातीच्या लसी झालेल्या लागतात. वर रेशन आणि केवायसी आहेच. पालकांपर्यंत पोचायचं कसं म्हणून मिटिंगा घेता, अरे पालक तुमच्याच लायनीत उभे आहेत! तिथे दहा मिनिटं द्या की. बाळाशी बोलायचं कसं, भात भरवताना काय दाखवायचं, तो बोट दाखवेल त्याचं नाव कसं सांगायचं.

कागदावर हे नाहीच असंही नाही. आयसीडीएस, म्हणजे अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना, 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली तेव्हापासून शालापूर्व शिक्षण तिच्या सहा सेवांमध्ये आहे, पण ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं, त्याखालची पोरं म्हणजे पाकीट, लस आणि वजनकाटा. 2024 मध्ये केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी बोलायचं-खेळायचं कसं याचा 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, त्यात 140 कृती आहेत म्हणे. चांगलं आहे, पण आमच्या लायनीत त्यातली एकही अजून उतरलेली नाही.

आणि हे काय मोठ्या खर्चाचं लचांड नाही. जमैकात किंग्स्टनला 1980 च्या दशकात वाढ खुंटलेल्या 129 मुलांवर अभ्यास झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जायची, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी, आईला खेळायला शिकवायचं, दोन वर्षं. वीस वर्षांनी बघितलं तर त्या मुलांची कमाई तशीच खुंटलेली पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा 25 टक्के जास्त. कोलंबियात तर गरीब घरांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेतल्याच पुढाकार घेणाऱ्या आयांना शिकवून घरोघर पाठवलं, दीड वर्षात मुलांची समज वाढलेली दिसली. आता लायनीतली दहा मिनिटं म्हणजे आठवड्याचा एक तास नव्हे, एवढं मला कळतं. पण आज शून्य आहे ना.

आपल्याला तर जमैकाला जायचीही गरज नाही. याच किनाऱ्यावर वर बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात, शिंपले, बिया, खडे हेच साहित्य. अंगणवाडी तिथली. आपण नाव तेवढं घेतलं आणि अंगणात मोबाईल घेऊन उभे राहिलो.

एक भीती आहे, आत्ताच सांगते. हे सुरू केलं की कोणीतरी साहेब अट घालणार, सत्राला बसलात तरच पाकीट. मेहेरबानी करा आणि हे करू नका. पाकीट हे पाकीट, ते पोराच्या हक्काचं आहे. आणि आठळ्या खेळतानाचा फोटो अपलोड करायला लावलात तर ताई आठळ्या सोडून फोटोच काढत बसतील. दुसरं, व्हिडिओ पाठवणार असाल तर आमच्या बोलीत पाठवा. पुस्तकी मराठीत 'बाळाला उद्दीपन द्या' म्हटलं तर आजी विचारते ह्या खयच्या दुकानात मिळता. तिसरं, हे जास्तीचं काम आहे तर ताईंना जास्तीचं मानधन द्या. फुकटात सेवाभाव खूप झाला.

हे सगळं लिहिणार म्हणून ताईंना विचारलं. म्हणाल्या, "लिही, पण माझा नाव घालू नको. आणि लिहितंस तर ता पण लिही, साकव बुडालो की पलीकडच्या सात पोरांची पाकिटा मी डोक्यावर घेवन जातंय. त्याचा आधी काय ता करा म्हणा."