‘गोळ्यांनी मेंदू सुकतो’ : आधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय : ‘स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या मेंदू सुकवतात. बंद करा, बुद्धी परत येईल. दोन-तीन गोळ्या लिहिणारा डॉक्टर प्रयोग करतोय.’ असल्या मेसेजपायी माणसं पुन्हा आजारी पडतात, म्हणून हे उत्तर.

‘बुद्धी गोळ्यांनीच जाते.’ नाही. या आजारावरचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली आलं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधीच या आजाराला ‘अकाली बुद्धिऱ्हास’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. म्हापशाच्या बाजारातून चार जिनसा आणायला सांगाव्यात आणि दोनच याव्यात, हा विसरभोळेपणा पुष्कळदा पहिल्या गोळीच्या आधीपासून असतो.

मात्र डोस जास्त झाला की डोकं जड होतं, हे खरं आहे आणि ते लपवू नये. डोपामाइन हे मेंदूतलं निरोप्या रसायन. ते जिथे चिकटतं ते डी-२ रिसेप्टर औषधाने साधारण ६५ ते ८० टक्के व्यापले की औषध लागू पडतं. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही. हातपाय आखडतात, विचार मंदावतात. या आजारावरचं नेहमीचं औषध रिस्पेरिडोन बहुतेकांना दिवसाला २ ते ६ मिलिग्रॅम पुरतं. जपानमधल्या २०१३च्या एका छोट्या अभ्यासात स्थिर रुग्णांचा डोस निम्मा केल्यावर बौद्धिक चाचण्यांतले गुण सुधारले.

‘मग बंदच करा.’ इथेच घात होतो. अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा. इंग्लंडमधल्या २०२३च्या चाचणीत तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करूनही दोन वर्षांत २५ टक्क्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. नेहमीचा डोस घेणाऱ्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. क्लोझापिन हे याच आजारावरचं औषध ४८ तासांहून जास्त चुकलं, तर जुना डोस परस्पर सुरू करू नका, तो १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो.

‘दोन-तीन गोळ्या म्हणजे प्रयोग.’ तीन गोळ्यांतली प्रत्येक सायकोसिसवरची (भास-भ्रमांवरची) नसते. एक झोपेची असेल, एक हात थरथरू नये म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल. आमच्या मते स्मरणशक्तीच्या तक्रारीत पहिला संशय हिच्यावर घ्यावा. ती अ‍ॅसिटिलकोलीन अडवते. मेंदूतल्या या रसायनावर स्मरणाचं काम चालतं. तोंड कोरडं पडणं, शौचास घट्ट होणं, मे महिन्याच्या उकाड्यातही घाम न येणं, या तिच्याच खुणा.

पंचाईत अशी, की बाजारात रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सीफेनिडिल एकाच गोळीतही मिळतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा : दोन नावं असली, तर एक ठेवून दुसरं कमी करता येत नाही. आधी सुट्या गोळ्या लिहून घ्याव्या लागतात.

बांबोळीला आयपीएचबीत (गोव्यातलं सरकारी मनोरुग्णालय) जा नाहीतर खाजगी डॉक्टरकडे, सगळी पाकिटं एका पिशवीत न्या. सर्दीची, खाजेची गोळीसुद्धा, कारण त्यांतल्या काही अ‍ॅसिटिलकोलीनच अडवतात. विचारा : थरथर आता नसेल, तर ट्रायहेक्सीफेनिडिल कमी करता येईल का? तीही एकदम तोडली तर मळमळ, घाम, निद्रानाश होतो. म्हणून टप्प्याटप्प्याने, आणि एका वेळी एकच औषध. त्या काळात रोज झोपेचे तास वहीत लिहा. सलग दोन-तीन रात्री झोप मोडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.